अप्पांचा म्हातारा

पुणे, आषाढातला रविवार

प्रिय वश्या,

फोन केला असता तर दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळा झाला असतास, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक, बीपी गोळीच्या हुकमात आहे.

अप्पांचा म्हातारा, म्हणजे तो पांढऱ्या केसांचा निवडुंग, बुडातून सडायला लागलाय.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला आलेल्या पोरांनी सगळ्या कुंड्या पत्र्याखालून काढून थेट पागोळ्यांखाली मांडल्या, मी नेमका साताऱ्याला. येऊन बघतो तर पांढऱ्या केसांचा खालचा पट्टा चहाच्या रंगाचा. बोट लावलं, तर आत गेलं. केसांत पिठ्या ढेकूणही झालेत, ते स्पिरिटच्या बोळ्यानं टिपतोय, त्यांचं काही नाही.

मेक्सिकोत, हिदाल्गोच्या मेत्झतित्लान दरीत, हा चुनखडीच्या उतारावर बारा-पंधरा मीटर वाढतो. तिथलं ऊन अडवणारी लोकर इथे पाऊस धरून बसते. म्हणून तर अप्पा पावसाळाभर त्याला पत्र्याखाली जवळजवळ कोरडा ठेवायचे. मातीत निम्म्याहून जास्त मुरूम आणि विटांचा चुरा, चिमूटभर चुना. (तुझं शेणखत त्यांनी गुलाबाला घातलं होतं, आता सांगायला हरकत नाही.) दिवाळीच्या आधी बेबी शॅम्पू आणि मऊ ब्रशनं त्याला न्हाऊ घालायचे, आणि काकू आतून म्हणायच्या, "आमच्या डोक्याला कधी तेल नाही लावलंत!" त्यांना फूल बघायचं होतं. सहाएक मीटर झाल्याशिवाय तो फुलत नाही, आपला जेमतेम कमरेएवढा.

आता कापणं आलं. सडका भाग टाकायचा, मग एकेक चकती काढत वर जायचं, मधल्या कड्यात तांबूस ठिपका दिसेनासा होईपर्यंत. सुरी दरवेळी पुसून. मग गंधक लावून काप खडखडीत वाळेपर्यंत सावलीत ठेवायचा. पण या दमट हवेत वाळणार कधी? वाळलाच, तरी हा गडी मुळं धरायला महा आळशी. थांबावं तर सड वर चढते.

म्हणून कलमाचा विचार करतोय. "उसन्या पायांवरचं जगणं" हे तुझं भाषण पाठ आहे, पुन्हा नको. त्या भांडणात अप्पांनी माझी बाजू घेतली होती आणि तू अजून उलटं सांगत फिरतोस. ड्रॅगनफ्रूटच्या काडीला शेंड्याचं वजन पेलणार नाही, हे मात्र कबूल. तुझ्या अंगणातला जाडजूड सिरिअस निवडुंग आहे ना अजून? त्याचा हातभर तुकडा हवाय. दोन्ही खोडांची मधली कडी एका बाजूला तरी एकमेकांवर बसली पाहिजेत, आणि तेवढा स्थिर हात आपल्या दोघांत तुझाच.

चिनूला नोकरी लागल्याचं बंड्याकडून कळलं, शाब्बास म्हणावं. वहिनींचा गुडघा कसा आहे? दुसऱ्याची घाई करू नका.

शुक्रवारपर्यंत कळव. नाहीतर शनिवारी सुरी मी घेतो, मग रडू नकोस. आणि येताना शेणखत आणू नकोस.

तुझा,
दिल्या