तळे मोकळे करायला माणसे हवीत

सप्रेम नमस्कार.

आपल्या भागातले तळे सध्या हिरवेगार दिसते. काठावर थांबून जांभळ्या फुलांचे फोटो काढणारेही भेटतात. फुले देखणी आहेत, त्यात वाद नाही. पण ती जलपर्णीची आहेत. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती शोभेसाठी जगभर नेली गेली. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद मिळाले, की पंधरवड्यात दुप्पट होते. तिच्या थराखाली ऊन पोहोचत नाही, मूळच्या पाणवनस्पती मरतात, ऑक्सिजन घटतो. मासे आणि चतुरांच्या अळ्या डासांच्या अळ्यांचा फडशा पाडतात; तेच गुदमरले, तर पुढचे सांगायला नको.

'आयपीबीईएस' या जैवविविधतेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार, नामशेष झाल्याची नोंद असलेल्या प्रजातींपैकी ६० टक्के प्रजाती संपण्यामागे जलपर्णीसारख्या आक्रमक परक्या प्रजातींचाही हात आहे.

तणनाशक फवारून मोकळे व्हा, असा सल्ला आम्हाला वारंवार मिळतो. तसे केले तर सगळी जलपर्णी एकदम पाण्यातच कुजते आणि उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. म्हणून दर रविवारी सकाळी सात ते दहा आम्ही ती हातानेच उपसतो. उपसलेली पेंढी आधी पाण्यात खळखळून घ्यायची, कारण पिसांसारख्या काळ्या मुळांत माशांची पिल्ले आणि गोगलगायी अडकलेल्या असतात. मग ढीग दिवसभर काठालगतच ठेवायचा, म्हणजे राहिलेले जीव सरपटत परत जातात. पाणपक्ष्यांची घरटी असलेला भाग विणीनंतरच काढायचा. काम चिखलाचे आहे आणि कंटाळवाणेही!

गमबूट, हातमोजे, विळे, दोरखंड कमी पडतात. ढीग खतासाठी हलवायला वाहन लागते. वस्तू द्या किंवा रोख. पावती मिळेल, हिशेब दर महिन्याला फलकावर लावू. पोहता येणारे आणि पक्षी ओळखणारे आले, तर फारच बरे. रोपे मात्र आणू नका, काठावर आपोआप उगवणारे गवत आणि झुडपे पुरेशी आहेत. घरच्या टाकीतले मासे आणि कासवेही तळ्यात सोडू नका.

जलपर्णीचे बी गाळात वीस वर्षेही जिवंत राहते आणि सांडपाणी येत राहिले, तर उपसा कधीच संपणार नाही. ते प्रक्रिया करूनच सोडावे, या मागणीचे निवेदन तळ्याकाठच्या टेबलावर ठेवले आहे. रविवारी येणे जमले नाही, तरी त्यावर सही करून जा.

आपले,
निसर्ग मंडळाचे कार्यकर्ते