एकाच कागदावर आम्हा दोघांची नावे लिहिणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सर्वांसमोर, पण नाव न देता लिहीत आहे, कारण यात माझ्याबरोबर माझ्या पतींचेही खासगी आयुष्य आले आहे आणि ते उघड करण्याचा अधिकार मला एकटीला नाही. जननेंद्रियांचा हर्पिस, म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणारा आणि फोड आणणारा विषाणूचा आजार: ज्याचे नाव उच्चारताना माझा आवाज खाली जात असे, त्याबद्दल आज मी लिहू शकते, याचे श्रेय मात्र संपूर्णपणे आपले आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो होतो, त्यांनी माझा रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडे न पाहता माझ्या पतींना विचारले, "तुम्ही तर निगेटिव्ह आहात, मग यांना हे आले कुठून?" एवढे विचारून, "आता जरा जपून राहा," असे सांगून त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले. जपायचे म्हणजे नेमके काय करायचे, कोणी करायचे आणि किती काळ, याबद्दल त्यांनी अवाक्षरही काढले नाही. पतींनी मला एका शब्दानेही दुखावले नाही, पण तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. मी माझा टॉवेल आणि पाण्याचा पेला वेगळा ठेवू लागले, आणि पती ते पाहूनही न पाहिल्यासारखे करत. एका डॉक्टरांच्या बेफिकीर वाक्यामुळे दोन माणसांनी असे चोरट्यासारखे राहावे, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर आपण आम्ही न विचारताच दिलेत. हर्पिसचा विषाणू मज्जारज्जूजवळच्या चेतापेशींच्या गुच्छांत वर्षानुवर्षे निपचित राहू शकतो, अनेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही, आणि संसर्ग केव्हा झाला हे चाचणी सांगू शकत नाही. त्यामुळे आजचा पॉझिटिव्ह रिपोर्ट हा कोणाच्याही बेइमानीचा पुरावा ठरत नाही, हे आपण माझ्या पतींच्या डोळ्यांत पाहून सांगितलेत. टॉवेल, पेला, कमोड यांवरून हा आजार पसरत नाही, हेही त्याच ओघात सांगून टाकलेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांना टाइप २ हर्पिसचा, म्हणजे बहुतेकदा जननेंद्रियांना होणाऱ्या प्रकाराचा, संसर्ग आहे, हे ऐकताना मला प्रथमच वाटले की मी एकटी नाही.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, ती गोष्ट याहून कितीतरी लहान आहे. सल्ल्याचा कागद पुढे ओढून आपण वर माझे नाव लिहिलेत, क्षणभर थांबलात, माझ्या पतींना त्यांचे नाव विचारलेत आणि तेही माझ्या नावाशेजारी, त्याच ओळीत लिहिलेत. मग तो कागद आमच्या दोघांच्या मध्ये, दोघांनाही सरळ वाचता येईल असा ठेवलात. त्यात काही वेगळे केले असे आपल्या चेहऱ्यावरून वाटलेही नाही. मी मात्र त्या ओळीकडे पाहतच राहिले. तोपर्यंत मी घरातला धोका होते. त्या ओळीत आम्ही दोघे मिळून एक जबाबदारी घेणारे झालो.

त्या कागदावरचे सगळे येथे मांडत नाही. मुंग्या, जळजळ किंवा टोचल्यासारखे जाणवू लागल्यापासून फोड पूर्ण भरून येईपर्यंत संबंध टाळायचे, एरवी कंडोम वापरायचा आणि मी रोज गोळी घ्यायची, एवढेच त्याचे सार. फोड नसतानाही विषाणू त्वचेवर येऊ शकतो, म्हणून यातील कोणताही एक उपाय पुरेसा नाही, हे आपण लपवले नाहीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, १,४८४ जोडप्यांच्या अभ्यासाबद्दलही आपण सांगितलेत: बाधित जोडीदाराने ८ महिने रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणू दाबून ठेवणारे औषध घेतले, तेव्हा दुसऱ्याला संसर्ग होण्याचे प्रमाण ३.६ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आले. धोका शून्य होत नाही, निम्म्यावर येतो, असे आपण स्वच्छ सांगितलेत, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच आमचा आपल्यावर विश्वास बसला. खोटा दिलासा देणारे पुष्कळ भेटतात. खरे सांगून वर धीरही देणारा माणूस विरळा.

आता गोळीची वेळ पतीच लक्षात ठेवतात, आणि मला जरा जरी चुणचुण जाणवली तरी मी न कचरता सांगते. वैद्यकीय ज्ञान अनेकांकडे असते. पण समोर बसलेल्या माणसाला अपराधी न ठरवता ते त्याच्या हाती द्यायला मनाचा जो चांगुलपणा लागतो, तो कोणत्याही पदवीबरोबर मिळत नाही. आपल्याकडे तो आहे, आणि बहुधा आपल्याला त्याची जाणीवही नसेल, म्हणून हे लिहून कळवावेसे वाटले.

रक्तात अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये, दिसू लागायला वेळ लागतो, म्हणून १२ आठवड्यांनंतर पतींची चाचणी पुन्हा करण्यास आपण सांगितले आहे. ती करून घेऊ. शिवाय आम्हाला मूल हवे आहे, आणि गरोदरपणात काय काळजी घ्यायची याचे प्रश्न आम्ही दोघांनी मिळून लिहून ठेवले आहेत. निकाल काहीही आला तरी ते घेऊन आम्ही आपल्याकडे एकत्रच येणार आहोत.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण, आणि तिचे पती