आधी पंखा ऐका, मग संगणक घ्या

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेण्याविषयी लेख आला होता. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड, सगळ्याची माहिती नीट दिली होती. मात्र चालू असताना संगणक किती आवाज करतो, याबद्दल एक ओळही नव्हती. गाणे ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्याला सर्वांत आधी तीच ओळ हवी असते, म्हणून हे पत्र.

मी हार्मोनियमची साथ करतो. आई ७८ वर्षांची आहे. माझ्या आजीकडून तिला मिळालेल्या भजनांच्या चाली कुठेही लिहिलेल्या नाहीत. त्या तिच्याच आवाजात राहाव्यात म्हणून गेल्या वर्षी घरी संगणक जुळवायचे ठरवले. दुकानात ‘रेकॉर्डिंगसाठी हवा’ असे स्पष्ट सांगितले होते. मिळाला तो गेम खेळणाऱ्या मुलांना देतात तसा: दणकट ग्राफिक कार्ड, काचेची बाजू, रंगीत दिवे आणि पुढे तीन पंखे.

आई पूर्वी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून गायची, आता त्याखालच्या सफेद चारवर उतरली आहे. रात्री रस्ता शांत झाल्यावर तिने अभंग म्हटला. नंतर हेडफोन तिच्या कानाला लावला. दोन ओळींच्या मध्ये, जिथे ती श्वास घेते, तिथे तिने मान वर केली आणि विचारले, “हा सा कोण धरून बसलंय?”

मी ऐकले. खरोखरच बारीक घूं चालू होते. मग हिशेब केला. पंख्याला पाती सात, फेरे मिनिटाला सुमारे १५००, म्हणजे सेकंदाला २५. त्याला सातांनी गुणले की १७५ कंपने. सफेद चारचा सूर नेमका तिथेच, १७४.६ वर आहे. पंखा आईचाच षड्ज लावून बसला होता. सॉफ्टवेअरमधून तो काढायला गेलो, तर त्याबरोबर आईचा सा पोकळ होऊ लागला. माइकमधून एकदा आत गेलेला आवाज असा सहज निघत नाही. तो मुळात होऊच न देणे हाच उपाय.

मग सगळे पुन्हा जुळवले. ग्राफिक कार्ड दुकानदाराने घट धरून परत घेतले. पडद्यावर नुसत्या ध्वनिलहरी दिसायच्या असतात, त्याला प्रोसेसरमधले ग्राफिक्स पुरते. बंद बाजूंचा, आतून फोम लावलेला कॅबिनेट घेतला. त्यात १४० मिलिमीटरचे दोन पंखे बसवले. पंखा मोठा असला की तेवढीच हवा सावकाश फिरून हलवतो, म्हणून ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर ठेवता आले. टकटक करणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी साठवण, टाकली. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या प्रतीच्या ध्वनिमुद्रणात एका माइकचे मिनिटाला जेमतेम नऊ एमबी होतात, त्यामुळे फार मोठी जागाही लागत नाही. गायन, पेटी आणि तबला एवढ्यासाठी १६ जीबी रॅम मला पुरली. वाद्यांचे नमुने भरून वाजवणाऱ्यांनी ३२ घ्यावी.

वाचलेले पैसे ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावर, घातले आणि त्याचे मला समाधान आहे. कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट त्यातूनच मिळतात. शिवाय आवाज आत जाऊन कानात परत यायला लागणारा वेळ इथेच ठरतो. बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवायचे आवाजाचे तुकडे, १०२४ वर असेल तर नुसत्या त्या एका टप्प्यालाच २१ मिलिसेकंद जातात. १२८ वर तीनसुद्धा लागत नाहीत. स्वतःचा आवाज कानात उशिरा आला की गाणारा नकळत लय ओढतो. आईची लय ओढली गेलेली मी ऐकली आहे, आणि दोष तिचा नव्हता. म्हणून इंटरफेस घेताना त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी वेळात ने-आण करणारे सॉफ्टवेअर) आहे का, हे विचारून घ्यावे.

वाड्यात राहणाऱ्यांना आणखी एक सांगतो. आमच्याकडे जुने दोन पिनांचे वायरिंग होते, अर्थिंग नव्हतेच. स्पीकरमधून ५० सायकलची गुणगुण यायची. वायरमनकडून अर्थिंग करून घेतल्यावर ती थांबली.

पेठांमध्ये गल्लोगल्ली गाण्याचे क्लास आहेत. घरोघरी कुणाची आजी, कुणाचे गुरुजी अजून गात आहेत, आणि त्यांचा आवाज दर वर्षी थोडा खाली उतरतो आहे. दुकानदारांनी गिऱ्हाइकाला मागच्या शांत खोलीत संगणक चालू करून पाच मिनिटे ऐकू द्यावा. आपणही दसऱ्याच्या खरेदीआधी, ध्वनिमुद्रणासाठी सुटे भाग कसे निवडावेत यावर एखाद्या जाणकार ध्वनिमुद्रकाकडून लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आईची एकवीस भजने झाली आहेत. अजून तेवढीच बाकी आहेत.

— एक हार्मोनियमवादक,
नारायण पेठ, पुणे ३०