शिवणीतली माया

लाडक्या छकुले,

हे पत्र तुला आज वाचता येणार नाही. तुला तुझ्या नावातलं पहिलं अक्षर तेवढं येतं, तेही कधीकधी उलटं काढतेस. तरी लिहितोय, कारण आजचं आजच लिहिलं नाही तर पुढे मी ते जरा गोड करून सांगेन.

आज तुझा शाळेचा पहिला दिवस होता. पोर रडू नये, असं काल रात्री मी देवाकडे मागितलं होतं. तू रडली नाहीस. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. मागितलेलं मिळालं आणि मला वाईट वाटलं! रडणारी लेकरं गळ्यात घेऊन उभ्या असलेल्या आईबापांचा हेवाच वाटला मला.

कालची प्रार्थना लांबलचक होती. ती पडू नये, तिला कुणी ढकलू नये, बाई प्रेमळ असाव्यात, डबा संपावा, शू लागली तर तिला सांगता यावं. आमेन म्हटल्यावर माझं मलाच हसू आलं. मी देवाला तुझ्यामागे पहारेकरी नेमत होतो आणि कामाची यादीही मीच हातात देत होतो. तान्ही असताना तुला बाप्तिस्म्याला नेलं, तेव्हा पाणी लागताच तू किंचाळलीस आणि सगळं मंदिर हसलं. ‘ही तुझीच आहे’ असं त्या दिवशी देवाला म्हणून आलो होतो. म्हणायला काहीच लागलं नाही, कारण म्हणून झाल्यावर तुला उचलून घरीच आणायचं होतं.

तू मोठी झालीस की बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना तुला भेटेल. मूल होत नव्हतं म्हणून तिने रडून नवस केला होता, की मुलगा दिलास तर तो तुलाच देईन. शमुवेल झाला. दूध तुटल्यावर ती त्याला शिलोला, देवाच्या मंदिरात घेऊन गेली आणि तिथल्या एली याजकाजवळ, म्हणजे पुजाऱ्याजवळ, ठेवून घरी परतली. दूध तुटलं म्हणजे किती वय असेल? कॅथलिक बायबलमध्ये मक्काबींचं दुसरं पुस्तक आहे, त्यातली एक आई मुलाला सांगते की तुला मी तीन वर्षं पाजलंय. शमुवेलाचंही तसंच असेल, तर तो तुझ्याहून लहानच होता.

उपदेशात हन्नाचं देणं सांगतात आणि पुढे जातात. मी मात्र पुढच्या अध्यायात अडकतो. एलीचे मुलगे त्याच मंदिरात याजक होते आणि ते अगदी वाया गेलेले होते. लोकांनी अर्पणाला आणलेलं मांस ते दमदाटी करून घेत, आणि शास्त्रात त्यांच्याबद्दल याहून वाईटही लिहिलंय. म्हणजे देवाच्या घरातसुद्धा वाईट माणसं होती, आणि त्यांच्या शेजारी हे एवढंसं पोर. हन्नाला ते ठाऊक होतं का, हे शास्त्र सांगत नाही. सांगतं ते एवढंच, की ती दरवर्षी एक लहान झगा करायची आणि नवऱ्याबरोबर यज्ञाला यायची तेव्हा लेकराला द्यायची. विचार कर, माप कुठून घेत असेल ती? पोर तर नजरेसमोर नाही. गेल्या वर्षीचा खांदा आठवायचा, त्यात वर्षभराची वाढ मनाने मिळवायची आणि कापड कापायचं.

तुझ्या गणवेशाला खाली चार बोटं दुमड आहे. आईने मुद्दाम ठेवलीय. शिवणीत जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात, हे मला कालच तिच्याकडून कळलं. काल मी देवाला यादी देत बसलो होतो तेव्हा ती शेजारी बसून दुमड घालत होती. खरी प्रार्थना तिचीच चालली होती, असं मला आज वाटतंय.

अजून एक गोष्ट, ही शाळेचीच. संत ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेत ३५४ साली जन्मले. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की लहानपणी ते देवाला कळकळीने विनवायचे, शाळेत मला मार बसू देऊ नकोस. आणि मोठी माणसं, अगदी आईवडीलसुद्धा, त्यांच्या त्या माराला हसायची. एवढा मोठा धर्मपंडित झाला, पण ते हसणं विसरला नाही. तुझ्या प्रार्थनेला मी हसणार नाही, हा शब्द देतो. खोडरबर हरवल्याची असली तरी.

याच ऑगस्टीनची आई मोनिका. त्याने समुद्रापलीकडे रोमला जाऊ नये म्हणून ती रात्रभर रडून प्रार्थना करत राहिली. त्याने तिला थाप मारली आणि त्याच रात्री जहाज सुटलं. पुढे इटलीतच, मिलान शहरात, ३८७ साली त्याचा बाप्तिस्मा झाला आणि ते पाहायला मोनिका हजर होती. आयुष्यभर तिने तेच तर मागितलं होतं. ही गोष्ट मला धीर देते असं लिहायला हवं, पण खरं सांगू? मला भीतीच जास्त वाटते. मधली वर्षं तिने कशी काढली असतील!

तुझ्या वर्गात सगळ्यांच्या घरी येशूचं नाव घेत नसतील. कुणी विचारेल, तुम्ही जेवणाआधी डोळे का मिटता? सांगता आलं तर सांग, नाही आलं तर ‘आमच्याकडे असंच करतात’ म्हण आणि जेव. त्यांच्या घरी काय करतात तेही विचार. देवाची बाजू सांभाळायचं काम तुझ्यावर नाही, तू चार वर्षांची आहेस.

आज शाळा सुटताना मला पोचायला सात मिनिटं उशीर झाला. सगळी मुलं गेली होती. तू बाईंचं बोट धरून दाराशी उभी होतीस. मरीया आणि योसेफ तर दिवसभराची वाट चालून गेले तरी बारा वर्षांचा येशू सोबत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, अशी मी मनाची समजूत घालत होतो. तू काहीच बोलली नाहीस. मग रात्री अंथरुणात हात जोडलेस, मी बाजूलाच होतो, आणि तू एकच मागणं मागितलंस: ‘देवबापा, उद्या बाबा वेळेवर येऊ दे.’

गजर लावलाय. सकाळचा नाही, दुपारचा.

तुझा,
बाबा