‘लमाण’ अर्धं वाचून झालं

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

त्या रात्री भांडून निघालीस आणि पुस्तक टेबलावर ठेवून गेलीस. चार दिवस मी त्याला हात लावला नाही. काल उघडलं आणि अर्धं संपल्यावरच दिवा मालवला.

मला वाटलं होतं, नटाचं आत्मचरित्र म्हणजे टाळ्या, हारतुरे, कोण कुणाशी कसं वागलं. तसं नाही गं. डॉक्टर लागू पेशंट तपासावा तसे स्वतःला तपासतात. आणि ते नाव! नट म्हणजे लमाण, नाटककाराचा माल प्रेक्षकापर्यंत नेऊन पोचवणारा. चौतीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांची पत्रं वाहिली मी. तिथे पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो.

पण १९६९ साली ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून ते पूर्णवेळ नट झाले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात प्रॅक्टिस केलेली, आफ्रिकेत काम करून आलेले. तू सत्तावीसची, आणि एमडीचं एकच वर्ष राहिलंय. एकच. परीक्षा दे, मग खुशाल नाटक कर.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. राहू दे.

‘नटसम्राट’ मी आजोबांबरोबर पुण्यात पाहिलं, शाळेत होतो. बेलवलकर घर मागतात तिथे आजोबांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. येताना एसटीत साताऱ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला अजून तो हातच आठवतो. तू नाटकात जाणार म्हणालीस तेव्हाही तोच आठवला, आणि मी आवाज चढवला. त्या दिवशी जे बोललो, आईसमोर, ते चुकलं माझं.

गेल्या वर्षी तुझा प्रयोग बघायला आलो होतो, मागच्या रांगेत. तुला कळवलं नव्हतं. तुझं कुजबुजणंसुद्धा शेवटच्या खुर्चीपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं. शेजारच्या बाईंना मी सांगून टाकलं, माझी मुलगी आहे.

फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे तेवढं कळव. फी मी भरतो. भरून ठेवायला काय हरकत आहे?

आणि प्रवासात खिडकीशी बसू नकोस. लागूंचा मुलगा तन्वीर गाडीत बसलेला असताना बाहेरून भिरकावलेल्या दगडाने गेला. पुस्तक हातात घेतलं की तेच मनात येतं. उरलेलं अर्धं दिवसाच वाचेन म्हणतो.

आईने मेतकूट आणि तिळाची चटणी बांधून ठेवलीय. घ्यायला येतेस की कुणाबरोबर पाठवू?

तुझे,
बाबा