वरळीचं बंदर कोळ्यांनी वाचवलं, आता पुढचं काम त्यांना विचारून करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोस्टल रोडबद्दल पेपरात येतं ते बहुतेक मरीन ड्राईव्ह किती मिनिटांत गाठता येतं यावर असतं. वरळीच्या टोकाला पाण्यावर जी मोठी कमान दिसते तिचे फोटो तर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत, पण त्या ठिकाणी पिलरमधलं अंतर एवढं मोठं का ठेवलं हे विचारलं तर बऱ्याच जणांना सांगता येत नाही. ते वरळी कोळीवाड्यातल्या लोकांनी लढून मिळवलेलं आहे आणि हे सगळ्या मुंबईला माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं म्हणून हे पत्र.

आमचं, म्हणजे वरळी कोळीवाड्याचं, क्लीव्हलँड बंदर छोटं आहे. मोठी ट्रॉलर इथे नाहीत, लहान होड्या, त्यावर दोन-तीन माणसं, किनाऱ्याजवळची मासेमारी, खेकडे, कोळंबी, शेवंड असला माल. बाहेर निघायची वाट अरुंद आणि दोन्ही बाजूला खडक. कोस्टल रोड सी लिंकला जोडणारा पूल नेमका याच वाटेवरून जाणार होता आणि प्लॅनमध्ये दोन पिलरमधलं अंतर होतं ६० मीटर. आता कागदावर बघणाऱ्याला वाटतं ६० मीटर म्हणजे भरपूर, होडी असते केवढीशी. पण होडी रस्त्यावरच्या गाडीसारखी सरळ रेषेत जात नाही हो, वारा एका बाजूनं, पाण्याची ओढ दुसऱ्या बाजूनं, उधाण असलं की लाट होडीला उचलून आडवी टाकते, त्यात पावसाळा तोंडावर आलेला असताना घाईनं परत येताय, अंधार आहे आणि नेमकं इंजिन बंद पडलं तर होडी कुठे जाऊन आदळेल ते तुमच्या हातात राहत नाही. शिवाय ६० मीटर पूर्ण मोकळे मिळत नाहीत कारण पिलरची जाडी आणि त्याच्या भोवतीचं पाया-संरक्षण त्यातूनच वजा होतं.

हे सगळं कोळीवाड्यानं काम सुरू झालं तेव्हापासून सांगितलं. अर्ज दिले, मीटिंगा केल्या, कोर्टात गेले. जुलै २०१९ मध्ये हायकोर्टानं प्रकल्पाची सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांखालची, परवानगी रद्द केली, त्या केसमध्ये वरळीच्या मच्छीमार सोसायट्याही होत्या. डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्टे दिला आणि काम परत चालू झालं. मग २०२१ च्या शेवटाला लोक होड्या घेऊन समुद्रात गेले आणि पुलाचं काम थांबवलं. लक्षात घ्या, रस्ता नकोच असं म्हणणं नव्हतं, मागणी फक्त पिलरमधल्या अंतराची होती. आधी २०० मीटर मागितले, मग १६० वर आले. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांनी १२० मीटर मान्य केलं, मधला एक पिलर रद्द झाला. एप्रिल आणि मे २०२४ मध्ये १३६ आणि १४३ मीटर लांबीच्या दोन कमानी आणून बसवल्या, एकेकीचं वजन दोन हजार टन आणि वर. इंजिनियर लोकांनी ते काम फार उत्तम केलं, त्यांचं कौतुक आहेच. पण माझा साधा प्रश्न हा आहे की जे शेवटी करता आलंच ते २०१८ मध्ये विचारून का नाही केलं? ज्या लोकांच्या पिढ्या त्या वाटेनं ये-जा करतायत त्यांच्याकडे पाण्याचा नकाशा तोंडपाठ आहे, तो मागायला कोणी आलंच नाही.

आणि आता सगळे म्हणतात मिटलं ना एकदाचं. नाही मिटलेलं. वाट राहिली, पण बंदर म्हणजे नुसती वाट नाही, त्यातलं पाणी आणि तळाचे खडकसुद्धा बंदरच आहेत. कोस्टल रोडसाठी १११ हेक्टर भराव झाला. तो बहुतेक त्या खडकाळ किनाऱ्यावरच आहे जिथे ओहोटीला खेकडे, कालवं, शिंपल्या मिळायच्या. तिथली थोडी प्रवाळं २०२० मध्ये काढून दुसरीकडे नेऊन लावली, ती बातमी सगळीकडे आली. पण ओहोटीला कोयती आणि टोपली घेऊन खडपावर जाणाऱ्या बायांची बातमी कुठे आली? होडीवाल्याकडे होडीचं लायसन्स असतं, त्यामुळे भरपाईच्या यादीत निदान त्याचं नाव तरी लागतं. हातानं कालवं काढणाऱ्या बाईकडे कसला कागद असणार? तिची होडी नाही, जाळं नाही, तिची फक्त जागा होती. या बायांची नोंद कोळीवाड्यातल्या बायांनाच बरोबर घेऊन, घरोघरी जाऊन झाली पाहिजे, ऑफिसात बसून होणार नाही.

पाण्याचं तर बोलायलाच नको. एका बाजूला माहीमची खाडी, तिच्यात मिठी नदी काय काय घेऊन येते ते मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरीकडे शहराचं सांडपाणी वरळीतून ३.४ किलोमीटर लांब पाईपनं समुद्रात सोडतात, आजवर त्यातला मोठा कचरा अडवण्यापलीकडे फारसं शुद्धीकरण होत नव्हतं. आता वरळीला रोज ५० कोटी लिटरचं नवीन केंद्र बांधतायत, शहरात अशी सात मिळून २४६ कोटी ४० लाख लिटर. हे काम वेळेत पूर्ण झालं तर बंदरासाठी त्याच्याइतकी चांगली गोष्ट दुसरी कुठली नाही, मी तर म्हणेन कमानीपेक्षाही मोठी. पण किती टक्के झालं, पाणी किती शुद्ध होऊन बाहेर जातंय, हे दर महिन्याला जेट्टीवर बोर्ड लावून मराठीत का सांगू नये?

सफाईचंही थोडं बोलतो. वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५ पासून लोकांनी किनारा साफ करायला घेतला, अफरोज शाह यांना २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून निघाली. म्हणजे होतं हे, हौशी लोकांनी केलं तरी होतं. पण तिथेही पाऊस पडला की प्लास्टिक परत येतंच, कारण ते नाल्यातून येतं. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी कॉलेजची मुलं येतात, हातमोजे घालून कचरा उचलतात, त्यांचे खरंच आभार. पण रोजचा कचरा रोज समुद्रातून वर आणतो तो खलाशी. जाळ्यात माशाबरोबर पिशव्या, चपला, थर्माकोल येतो, पंख्यात प्लास्टिक अडकलं तर भर समुद्रात होडी उभी राहते, मग खाली उतरून ते कापून काढावं लागतं. हा माल तो किनाऱ्यावर आणायला तयार आहे, आणून ठेवायचा कुठे? जेट्टीवर एक मोठा कंटेनर, तुटकी जाळी ठेवायला वेगळी जागा आणि ठरलेल्या दिवशी येणारी गाडी, एवढं केलं तर वर्षभर सफाई चालू राहील, फोटो न काढता.

आणखी एक राहिलं. हॉर्नबी वेलार्डचा बांध १७८४ च्या सुमाराला घालून वरळी मुंबईला जोडली, तेव्हापासून इथला समुद्र तुकड्या-तुकड्यानं भरला जातोय आणि प्रत्येक वेळी कोळीवाड्याला नंतर कळवलं जातं. म्हणून मागणी अशी आहे की बंदराच्या पाण्यात किंवा काठावर कुठलंही काम काढायचं असेल, पूल असो, पाईप असो, सुशोभीकरण असो, तर टेंडरच्या आधी मच्छीमार सोसायट्या आणि मासे विकणाऱ्या बायांच्या प्रतिनिधी असलेल्या समितीचं लेखी म्हणणं घ्यावं आणि ते मान्य नसेल तर का नाही ते लेखी द्यावं. कोळीवाड्यांच्या हद्दी आखताना जेट्टी, होड्या ओढायची जागा, जाळी आणि मासळी सुकवायची जागाही नकाशात यायला हवी, नुसती घरं नकोत. पुलाखालच्या वाटेला रात्री दिसतील असे दिवे कायम चालू हवेत. आणि १२० मीटर दिल्यानंतर तिथला करंट कसा बदलला, गाळ कुठे साचतोय, याची मोजणी पुढची काही वर्षं दर हंगामात व्हावी, होडीतून, नाखव्याला म्हणजे होडीच्या मालकाला बरोबर घेऊन.

आपल्या पेपरनं एखादा बातमीदार पाठवावा ही विनंती. पहाटे या, होड्या परत यायच्या वेळेला, म्हणजे माल किती आणि कचरा किती ते समोरच दिसेल.

आपला,
एक वाचक, वरळी कोळीवाडा