संमती मराठीत मागा, आणि सुटी सुटी मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किराणा मागवण्याचे ॲप उघडा. भाज्यांची नावे मराठीत, सवलती मराठीत, 'पिशवीत टाका' मराठीत. पण पहिल्याच पडद्यावरचे गोपनीयता धोरण मात्र पानोपानी इंग्रजीत. 'मान्य आहे'च्या चौकोनात बरोबरची खूण बहुधा आधीच केलेली असते. माहिती 'सहयोगी व भागीदारां'ना देऊ म्हणतात; हे भागीदार कोण, ते गुलदस्त्यात.

डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा, २०२३ याबाबत नि:संदिग्ध आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत संमती मागणारी सूचना वाचण्याचा पर्याय द्यावाच लागेल. त्यात मराठी आली. कलम ६ नुसार संमती ग्राहकाच्या स्वतःच्या स्पष्ट कृतीतून यायला हवी, म्हणजे आयती खूण बाद. या कायद्याखालच्या नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनुसार ही सूचना इतर अटींत न मिसळता स्वतंत्रपणे समजेल अशी हवी आणि तीत कोणती माहिती कशासाठी घेतली जाते याची बाबवार नोंद हवी. मात्र या तरतुदी अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होतात. तोवर कंपन्यांना मोकळे रान.

खरे नुकसान 'संपर्क यादी'च्या परवानगीत आहे. कायद्यातच दूरवैद्यक (फोनवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या) ॲपचे उदाहरण दिले आहे: सल्ला देण्यासाठी संपर्क यादी लागत नाही, तेव्हा 'मान्य' दाबले तरी संमती सल्ल्यापुरतीच धरायची. कागदावर हे उत्तम. पण एकदा परवानगी दिली की ॲप सगळी यादी आपल्या सर्व्हरवर उतरवून घेऊ शकते. नंतर परवानगी काढली तर पुढची ये-जा थांबते, गेलेली प्रत परत येत नाही. शिवाय त्या यादीतल्या आत्याला, दूधवाल्याला कोणी विचारलेले नसते.

म्हणून परवानगी आधीच रोखावी. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, ॲप्स, संबंधित ॲप, परवानग्या या वाटेने जाऊन संपर्क व कॉल नोंदी बंद कराव्यात. स्थान 'फक्त ॲप वापरताना' ठेवावे आणि हवामानाच्या ॲपला 'अचूक स्थान' देऊ नये, गावापुरता अंदाज त्याला पुरतो. कर्जाचे ॲप संपर्क यादी मागत असेल तर तिथेच काढून टाकावे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच ही मागणी वर्ज्य ठरवली आहे.

ॲप काढताना क्रम चुकतो. नुसते ॲप पुसले की फोन रिकामा होतो, खाते तसेच राहते. आधी ॲपमधून खाते बंद करावे. तक्रार अधिकाऱ्याला नोंदणीचा क्रमांक देऊन 'संमती मागे घेत आहे, माझी माहिती पुसावी' असा मेल करावा, त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा आणि मगच ॲप काढावे. बँकेच्या केवायसीसारखी कायद्याने जपायची कागदपत्रे मात्र अशी लगेच पुसली जाणार नाहीत. संमती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे हवे, असे कलम ६ म्हणते. आज देणे एका टिचकीचे आहे आणि मागे घ्यायला मेलामागून मेल.

वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरही 'कुकी (आपल्या वावराची नोंद ठेवणारी छोटी फाइल) स्वीकारा' ठळक आणि 'नको' शोधावे लागते, असे अनेकदा दिसते. आपल्या संकेतस्थळावर दोन्ही बटणे सारख्या आकाराची, मराठीत आणि शेजारी-शेजारी ठेवावीत, ही विनंती. त्यासाठी मे २०२७ उजाडायची गरज नाही.

– एक वाचक, डोंबिवली